माथेरानचा शार्लोट तलाव: चालायला जा, आणि वाट मातीचीच राहू द्या

माथेरानला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो पॉइंटांची नावं सांगेल. पॅनोरमा, एको, लुइझा, वन ट्री हिल. शार्लोट तलाव त्या यादीत असतो, पण घोड्यावरच्या फेरीत पाच मिनिटं उतरून फोटो काढण्यापुरता. मला हे फार चुकीचं वाटतं. मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेलकडच्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी घरी परत यायचं असेल, गाड्यांपासून लांब, झाडाखालून आणि पाण्याच्या कडेने शांतपणे चालायचं असेल, तर शार्लोट तलाव आणि त्याच्या आजूबाजूच्या पायवाटा याच्या तोडीची जागा निदान मी तरी पाहिलेली नाही. म्हणून हे परीक्षण हॉटेलांचं नाही, चिक्कीचं नाही. फक्त या वाटांचं आहे.

मी कल्याणची. कर्जत लोकल पकडली की तासाभराच्या आत नेरळ, त्यामुळे माथेरान आमच्यासाठी सुट्टीचं मोठं प्रकरण कधीच नव्हतं. या वेळी सप्टेंबरअखेरीस गेलो ते सासूबाई आणि नववीतला भाचा अथर्व यांना घेऊन. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे बोलतात, हातात काठी. अथर्वला चालायचं म्हटलं की कंटाळा. या दोघांना एकाच वेळी पेलेल अशी वाट कुठे असेल, याचा विचार करूनच मी शार्लोट ठरवलं होतं.

आधी पोहोचण्याचं सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ तिथेच होतो. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येतं. तिथून पुढे मोटारी बंद. स्वतःची गाडी नेली तरी ती तिथेच लावायची, प्रवासी कर भरायचा आणि आत शिरायचं. दस्तुरीपासून बाजार सुमारे अडीच किलोमीटर. हे अंतर चालत, घोड्यावर, किंवा जवळच्याच अमन लॉज स्टेशनातून सुटणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलने कापता येतं. नेरळपासून थेट वर येणारी गाडी म्हणजे १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीतून उभा राहिलेला दोन फुटी रुळांचा मार्ग. २०१९ च्या पावसात तो वाहून गेला आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज टप्पा बंद ठेवतात, वरची शटल तेवढी चालू असते. आम्ही शटलने गेलो. रांग लागते, शनिवार-रविवारी तर भरपूर लागते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचं बळ तलावापाशी वापरायचं असेल तर दस्तुरीलाच ते संपवून कसं चालेल?

आता ई-रिक्षाही आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने त्या आधी प्रयोग म्हणून आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर न्यायालयाने माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ही प्रथा माणुसकीला धरून नाही, असं स्पष्ट सांगितलं. मला त्या निकालाचा मनापासून आनंद झाला. लहानपणी आजीला हातरिक्षातून नेताना पुढे एक आणि मागे दोन माणसं घामाने निथळत चढ चढायची. आजी पूर्ण वाटभर अवघडून बसायची, ‘अरे, थांबा रे जरा’ म्हणायची. त्या माणसांच्या हातात आता ई-रिक्षाचं हँडल यावं, याहून चांगलं काय असणार!

बाजारातून तलावापर्यंत रमतगमत गेलात तर अर्धा-पाऊण तास. बाजार संपला, चपलांची आणि चिक्कीची दुकानं मागे पडली की रस्ता एकदम झाडांत शिरतो. दोन्ही बाजूंना जुने बंगले, काहींची फाटकं गंजलेली, काहींचे व्हरांडे नीट झाडलेले. मग बंगलेही विरळ होतात आणि उरतं ते जंगल. इथलं जंगल उंच, दाट आणि बऱ्यापैकी सदाहरित. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा. फांद्या वर एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की भर दुपारी बाराला गेलो तरी सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला नाही. सप्टेंबरमध्ये खोडांवर शेवाळ आणि नेचे भरलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर अंजनी बघा. तिची फुलं पानांच्या झुबक्यात शोधू नका. ती थेट काटक्यांच्या पेरांवर, जुन्या फांद्यांवर फुटतात. मोहरीएवढ्या कळ्या, त्यांतून निळ्या-जांभळ्या रंगाचे तुरे. अख्खी फांदी निळी होते. खाली वाटेवर त्या पाकळ्यांचा सडा पडतो. मातीचा रंग तांबडा, वर निळा सडा. हे एकदा बघितलं की पॉइंटवरची दरी दुय्यम वाटायला लागते.

आणि ती माती. माझ्या मते या जागेचं खरं वैभव तिच्यात आहे. माथेरानचा डोंगर काळ्या कातळाचा, पण माथ्यावर जांभ्या दगडाची टोपी. त्या जांभ्याची ही तांबडी माती. कोरड्या दिवसांत ती मैद्यासारखी बारीक होते, पायाखाली दबते आणि पाऊल उचललं की बोटांचा ठसा मागे राहतो. पावसानंतर ती घट्ट बसते, ओली असते पण चिखल होत नाही, निदान झाडाखालच्या वाटांवर तरी नाही. सासूबाईंनी बाजारातल्या फरसबंदी रस्त्यावरून येताना दोनदा बसून घेतलं होतं. तलावाच्या वाटेला लागल्यावर मीच म्हटलं, “आई, बसायचं का थोडं?” तर म्हणाल्या, “नको गं, इथे पाय हलका पडतोय. चल तू.” मी काही डॉक्टर नाही, पण आयुष्यभर सिमेंटवर चाललेल्या बाईच्या गुडघ्यांनी दिलेली ही साक्ष मला पुरेशी आहे.

म्हणूनच पेव्हर ब्लॉकचा विषय इथे काढावाच लागतो. माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, यावर गेली काही वर्षं वाद चालला आहे आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ब्लॉक हवेत म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे, ती मी उडवून लावत नाही. इथे पाऊस प्रचंड पडतो, घोड्यांच्या टापांनी माती सुटी होते आणि पहिल्या जोराच्या सरीबरोबर ती दरीत जाते. तलावाकडच्या उतारावर झाडांची मुळं बघा, म्हणजे प्रश्न कळेल. एका जांभळाच्या बुंध्याशी मी मुद्दाम वाकून पाहिलं. मुळं जमिनीच्या वर वीतभर उघडी पडली होती, पायांनी आणि टापांनी घासून त्यांची साल गेलेली, वरचा भाग गुळगुळीत. म्हणजे कधीकाळी वाट त्या मुळांच्या वर होती. तेवढी माती गेली. गावातल्या माणसाला आजारी आईला घेऊन दस्तुरी गाठायची असते, शाळेतल्या पोरांना रोज चिखल तुडवायचा असतो. त्यांनी चांगला रस्ता मागितला तर त्यात गैर काय?

न्यायालयाने २०२५ मध्ये मुख्य रस्ता आणि आतल्या वाटा यांत फरक केला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, पण आतल्या रस्त्यांवर आणि जंगलातल्या वाटांवर नकोत. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. गावापर्यंत येणारा रस्ता पक्का असू दे, त्यावर ई-रिक्षा धावू देत. पण बाजाराच्या पुढे, विशेषतः तलावाच्या बाजूला, माती टिकवायची ती मातीच्याच पद्धतीने. उतारावर आडवे दगड लावून पाण्याची धार तोडायची, बाजूने चर काढायचे, उघड्या मुळांवर पुन्हा माती आणि पालापाचोळा घालायचा. काही ठिकाणी जांभ्याचे आडवे दगड बसवलेले दिसतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला माती खरोखर साठलेली असते. हे काम कष्टाचं आहे आणि दर पावसाळ्यानंतर करावं लागतं. पण करण्यासारखं तेच आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो कशासाठी? या झाडांसाठी आणि झाडं ज्यात उभी आहेत त्या मातीसाठीच ना?

बरं, तलाव. वाटेच्या शेवटी झाडं बाजूला होतात आणि पाणी दिसतं. तलाव मोठा नाही. तीन बाजूंनी जंगल अगदी काठापर्यंत उतरलेलं आणि एका बाजूला दगडी बांध. पावसाळ्यात तो भरून वाहतो आणि बांधावरून पाणी खाली दरीकडे कोसळतं. आम्ही गेलो तेव्हा जोर ओसरला होता, पण पातळ चादर अजून वाहत होती. पाण्याचा रंग काठाशी चहासारखा तांबूस आणि मध्ये गडद हिरवा. अथर्व, जो तोवर ‘मामी, अजून किती?’ करत होता, तो काठाच्या दगडावर ओणवा झाला आणि पंधरा-वीस मिनिटं हलला नाही. दगडाच्या खाचेत एक खेकडा होता. तो एक नांगी बाहेर काढायचा, पाण्यावरचं काहीतरी उचलायचा, तोंडाशी न्यायचा, परत आत. अथर्वने हळूच एक वाळकं पान सरकवलं. खेकड्याने ते ओढलं, तपासलं, सोडून दिलं. मग त्याने दुसरं पान दिलं. ज्या मुलाला दोन मिनिटं मोबाइलशिवाय बसवत नाही, त्याला मी हाक मारली नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: हे गावाचं पिण्याचं पाणी आहे. पोहायला बंदी आहे ती त्यामुळे, आणि जीवालाही धोका आहेच. तरी लोक उतरतात. पाय धुतात, बाटल्या विसळतात, लहान मुलांना बुचकळतात. आम्ही असताना एका घोळक्याने वेफर्सची पाकिटं थेट पाण्यात सोडली. सासूबाई उठल्या, काठी टेकत त्यांच्यापर्यंत गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, “बाळांनो, हे इथल्या लोकांच्या हंड्यातलं पाणी आहे रे.” मुलं वरमली, एकाने काठीने दोन पाकिटं ओढून काढली. तिसरं लांब गेलं होतं. तुम्ही जाल तेव्हा पिशवी बरोबर ठेवा आणि आपला कचरा आपणच बाजारापर्यंत परत आणा, ही माझी हात जोडून विनंती.

तलावाच्या काठालाच पिसारनाथाचं देऊळ आहे. हे माथेरानचं ग्रामदैवत, शंकराचं. झाडीत दडलेलं, साधं. पॉइंटांना गोऱ्या साहेबांची आणि त्यांच्या बायका-मुलींची नावं मिळाली ती १८५० नंतर, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आल्यावर. पण डोंगरावर ठाकर आणि कातकरी लोकांचा वावर त्याच्या कितीतरी आधीचा. देवळाच्या पायरीवर बसलं की समोर पाणी, मागे रान आणि वारा आला की पानांची सळसळ. सासूबाईंचा जप तिथे झाला. आम्ही दोघं गप्प बसलो. वर्दळीच्या देवळांत इतका वेळ कुणी बसू देत नाही.

देवळापासून अथर्वला मी भाई कोतवालांची गोष्ट सांगत निघाले, कारण बाजारात त्याने ते नाव वाचलं होतं. १९१२ साली याच माथेरानमध्ये जन्मलेले, नाभिक समाजातल्या गरीब घरातले, शिकून वकील झालेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी याच परिसरातल्या रानांच्या आश्रयाने दल उभं केलं, विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. जंगलात चालता चालता ही गोष्ट ऐकताना मुलगा वेगळं ऐकतो. “मग ते रात्री कुठून चालायचे?” असं त्याने विचारलं आणि झाडीकडे बघत राहिला.

तलावापासून वाटा फुटतात. एका बाजूला लॉर्ड पॉइंट आणि सेलिया, दुसऱ्या बाजूला एको आणि लुइझा. लुइझावरून समोर प्रबळगड दिसतो, हवा स्वच्छ असेल तर फारच सुरेख. सासूबाईंना देवळापाशी एका चहावाल्या ताईंच्या बाकड्यावर बसवून आम्ही मामी-भाचे लॉर्ड पॉइंटपर्यंत जाऊन आलो. ही जोडवाट या सगळ्या फेरीतली मला सर्वांत आवडलेली. अरुंद आहे, घोडे कमी येतात, एका अंगाला रान आणि दुसऱ्या अंगाला मधूनच उघडणारी दरी. पावसाळ्यात आलात तर ओढ्यांच्या बाजूला शीळ ऐकू येईल, अगदी एखाद्या मुलाने निवांत मारलेल्या शिट्टीसारखी. तो शीळकरी कस्तूर. काळा-निळा पक्षी, झाडीत राहतो, सहज दिसत नाही. शीळ आली की थांबा, बोलणं बंद करा. या वेळी आम्हाला तो दिसला नाही, शिपाई बुलबुल मात्र पुष्कळ दिसले, डोक्यावर तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेले.

आता न आवडलेलं. घोडे. घोडेवाल्यांशी माझं वैर नाही. मोटारी नसलेल्या गावात त्यांचं पोट त्यावरच आहे आणि बहुतेक जण “मावशी, घोडा देऊ का?” विचारून नको म्हटल्यावर पुढे जातात. पण तलावाच्या रुंद वाटेवर गर्दीच्या दिवशी घोडे दुडक्या चालीने पळवत नेतात आणि पायी चालणाऱ्याला झाडाशी चिकटून उभं राहावं लागतं. काठी घेतलेल्या माणसाला ते जमत नाही. उन्हाळ्यात त्या धुळीने नाकातोंडात लाल माती जाते. चालणाऱ्यांची एखादी वाट घोड्यांना बंद ठेवली तर दोघांचंही भलं होईल. दुसरं, तलावापाशी स्वच्छतागृह मिळेलच अशा भरवशावर राहू नका, बायकांनी तर नाहीच. बाजारातूनच आटपून निघा. तिसरं, माकडं. ती धीट आहेत. हातात खाऊची पिशवी दिसली की हिसकावतात. त्यांना खायला घालणारे पर्यटक थांबले नाहीत तर हे थांबणार नाही. खाणं पाठपिशवीत बंद ठेवा, उघड्यावर डबा काढू नका. आम्ही थालीपीठं परत बाजारात येऊन खाल्ली.

वाटेवर कातकरी बायका रानमेवा विकायला बसतात. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं द्रोणात मिळतात. या बाया खालच्या पाड्यांवरून डोक्यावर टोपली घेऊन पायी चढून येतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. आम्हाला सप्टेंबरात एकीकडे काकड्या मिळाल्या, मीठ-तिखट लावून. “ताई, कोवळी आहे, घ्या की,” म्हणाली ती, आणि खरंच कोवळी होती.

कपड्यांचं सांगून ठेवते. पांढरं काही घालू नका. तांबडी माती धुऊन सहजासहजी जात नाही. बूट पकड असलेले घ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर साध्या चपला घसरतात. जून ते ऑगस्ट धुकं इतकं दाट असतं की तलाव समोर असून दिसत नाही. ते आवडणारेही लोक आहेत, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन तेव्हा जाऊ नका. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर उत्तम. अंजनीसाठी फेब्रुवारी-मार्च. आणि शक्यतो मंगळवार-बुधवार, शनिवार-रविवार तर मुळीच नको. जंगलातल्या वाटांवर दिवे नसतात आणि झाडी दाट असल्यामुळे बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधी अंधारून येतं, म्हणून पाच वाजता तलाव सोडायचाच. परतीच्या शटलची वेळ सकाळी उतरतानाच स्टेशनात विचारून घ्या.

पाचपैकी गुण द्यायचे तर वाटेला आणि तलावाला मी पूर्ण पाच देते. सोयींना दोन. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला तलावापर्यंत नेणं आजच्या घडीला अवघड आहे. मुळांची आणि उताराची वाट त्याला साथ देणार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. काठीवर चालणाऱ्यांना मात्र बिनधास्त न्या, फक्त दिवसभराचा वेळ हाताशी ठेवा आणि बाकीचे सगळे पॉइंट त्या दिवसापुरते सोडून द्या.